कंबरदुखी ओसरली, तोल मात्र परतेना: बडोद्यातल्या एका कीर्तनकार बाईंचं प्रकरण

रुग्ण स्त्री, वय ५७, राहणार दांडिया बाजार परिसर, बडोदा. घर सांभाळून गेली कित्येक वर्षं नारदीय कीर्तन करतात. तक्रार त्यांच्याच शब्दांत: “कंबर आता फारशी दुखत नाही गं, पण उभं राहिलं की भरवसाच वाटत नाही. डोळे मिटले की कुणीतरी मागे ओढतंय असं होतं.” त्यांच्या संमतीनं लिहिते आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. दवाखान्यात मी त्यांना काकू म्हणते, इथेही तेच म्हणेन.

कंबरदुखीच्या रुग्णाला आपण सगळे एकच प्रश्न विचारतो: किती दुखतंय? तोल कसा आहे, हे सहसा कुणी विचारत नाही, आणि रुग्णही आपणहून सांगत नाही. कमरेचा आणि तोलाचा संबंध असेल हे त्याच्या मनातच येत नाही. काकूंच्या घरी सगळ्यांनी ते वयावर टाकलं होतं.

दीड वर्षापूर्वी रिक्षातून हार्मोनियमची पेटी उतरवताना त्यांच्या कमरेत उजवीकडे कळ आली. आठवडाभर अंथरुण धरलं, गोळ्या, शेक, मालिश सगळं झालं. दुखणं महिन्याभरात हटेना तेव्हा एमआरआय काढला. त्यात चौथ्या-पाचव्या मणक्यामधली गादी थोडी फुगलेली आणि त्याखालची झिजलेली दिसली. एका दवाखान्यात त्यांना सांगण्यात आलं की गादी सरकली आहे, आता वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही, पट्टा सोडायचा नाही. काकूंनी ते अक्षरशः पाळलं. पट्टा फक्त झोपताना सुटायचा. केर काढणं सुनेकडे गेलं, देवघरातलं खाली ठेवलेलं निरांजनसुद्धा नातू उचलून द्यायचा. दुखणं दहापैकी आठवरून तीनवर आलं.

त्याच काळात दुसरं काहीतरी बिघडत गेलं. अंघोळीत तोंडाला साबण लावून डोळे मिटले की भिंतीला हात लावावा लागे. सलवार घालायला पलंगावर बसावं लागे. पोळातल्या, म्हणजे जुन्या शहरातल्या दाट गल्लीतल्या, घराचा अरुंद, अंधारा जिना उतरताना त्या एकेक पायरीवर दोन्ही पाय टेकवत. नवरात्रात देवळात कीर्तनाला उभ्या राहिल्या, नमनाला हात जोडून डोळे मिटले आणि दोन पावलं मागे गेल्या. पेटीवाल्यांनी दंड धरला म्हणून निभावलं. मुलगा म्हणाला, आई, यापुढे खुर्चीत बसून कर. काकू मला म्हणाल्या, “बसून केलं की ते प्रवचन होतं, बाळा. कीर्तन उभ्यानंच करायचं असतं.”

हे ज्यांनी जवळून पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. नारदीय कीर्तन म्हणजे पूर्वरंगात निरूपण, मग बुक्का-हाराचा छोटा विसावा, मग उत्तररंगात आख्यान, असे दीड-दोन तास. कीर्तनकार एका जागी ताटकळत नसतो. अभंगाच्या ठेक्यावर दोन पावलं पुढे, दोन मागे, आख्यानातलं पात्र बदललं की अंग वळवायचं, हातात चिपळ्या, गळ्यात लांब तान. तोलाची याहून कडक परीक्षा माझ्या दवाखान्यात तरी नाही.

आधी काय नाही, ते पाहिलं

“तोल जातो” म्हणणारं माणूस समोर आलं की कमरेचा विचार आधी बाजूला ठेवायचा. चक्कर वेगळी, डगमगणं वेगळं. घर फिरतंय असं वाटतं का, कूस बदलताना गरगरतं का? काकूंना दोन्ही नव्हतं, आणि कानाच्या डॉक्टरांनीही कान ठीक असल्याचं सांगितलं होतं. आडवं असताना आणि उठून उभं राहिल्यावर रक्तदाबात फारसा फरक पडत नव्हता. मधुमेह नव्हता. बी-१२ची चौकशी मी मुद्दाम केली. शाकाहारी घरांत ते कमी असणं आपल्याकडे सर्रास आढळतं. ते फार घटलं तर मज्जारज्जूच्या मागच्या बाजूचे, पायांची जाणीव मेंदूपर्यंत नेणारे तंतू बिघडतात, आणि माणूस अंधारात किंवा डोळे मिटल्यावर झोकांड्या खातो. काकूंचा अहवाल ताजा होता आणि चांगला होता. पायाच्या अंगठ्याला ट्यूनिंग फोर्क लावल्यावर त्यांना कंप नीट कळत होता. घोट्याचे रिफ्लेक्स, म्हणजे हातोडीनं टोकल्यावर पायाला आपोआप बसणारे झटके, दोन्हीकडे सारखे होते.

आणखी एक गोष्ट लोकांना माहीत नसते. मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशीच संपतो, त्याखाली नुसत्या नसांचा झुपका असतो. चौथ्या-पाचव्या मणक्यामधली गादी मज्जारज्जूवर दाब आणूच शकत नाही. म्हणून तोल जाणाऱ्या माणसाचे रिफ्लेक्स वाजवीपेक्षा तीव्र असतील, बटण लावायला बोटं अडखळत असतील, तर कमरेचा एमआरआय पुन्हा पुन्हा बघत बसू नये, मान तपासावी. काकूंमध्ये तसं काही नव्हतं. लघवी-शौचाचा ताबा, बैठकीच्या जागचा बधिरपणा, ताप, कारणाशिवाय घटणारं वजन, रात्री न थांबणारी कळ, हेही सगळं विचारून झालं. यातलं काही असतं तर मी व्यायामाला हात न लावता त्याच दिवशी सयाजी हॉस्पिटलला पाठवलं असतं.

मग तोल

फरशीवर अनवाणी, पाय जुळवून, डोळे उघडे ठेवून काकूंना उभं केलं. त्या जराही हलल्या नाहीत, आणि मला तेच खटकलं. निरोगी माणूस स्वस्थ उभा असला तरी सतत किंचित डोलत असतो आणि शरीर ते डोलणं क्षणोक्षणी सावरत असतं. मी खाली वाकून त्यांची पावलं पाहिली. बोटं फरशीला आकड्यासारखी रुतलेली, नखांखालची त्वचा पांढरी पडलेली. पोटावर हात ठेवला तर ते टणक. श्वास छातीच्या वरच्या भागातच अडकलेला, मानेच्या शिरा वर आलेल्या. पट्टा काढलेला होता, पण काकूंनी आपल्याच स्नायूंचा दुसरा पट्टा आवळून धरला होता.

डोळे मिटायला सांगितल्यावर डोलणं सुरू झालं. सगळं शरीर एकसंध, फक्त घोट्यातून पुढे-मागे. कमरेत किंवा खुब्यात कसलीच हालचाल नाही. जाड फोमवर उभं करून डोळे मिटवले तर लगेच धरावं लागलं. एका पायावर डोळे उघडे ठेवून डावीकडे ११ सेकंद, उजवीकडे ४. वृद्धांवर १९९७ साली झालेल्या एका अभ्यासात ज्यांना एका पायावर ५ सेकंदही उभं राहता आलं नाही, त्यांच्यात दुखापत होईल असं पडण्याचं प्रमाण जास्त दिसलं होतं. काकूंचं वय त्या गटापेक्षा कमी, म्हणून तो आकडा त्यांना जसाच्या तसा लागू नाही. तरीही ४ सेकंद मला स्वस्थ बसू देणारे नव्हते.

सगळ्यात जास्त सांगून गेली ती फळी. चार बोटं रुंदीच्या लाकडी फळीवर आडवं उभं करायचं, म्हणजे पावलाचा मधला भागच टेकतो, टाच आणि बोटं हवेत राहतात. इथे घोट्यांचा काही उपयोग होत नाही. तोल सावरायचा तर खुब्यातून आणि कमरेतून हलावंच लागतं. काकू भिंतीच्या कोपऱ्यात, मी समोर. हात सोडताच त्या उतरल्या. पुन्हा चढल्या, पुन्हा उतरल्या. कंबर हलवून सावरायचं असतं हे शरीर विसरूनच गेलं होतं. कंबरदुखीच्या रुग्णांना अशाच अरुंद आधारावर उभं करून ऑस्ट्रेलियात २००४ साली अभ्यास झाला आणि तिथेही हेच दिसलं: खुब्यातून तोल सावरण्याची पद्धत त्यांच्यात कमी झाली होती.

कणा उभा राहतो कशावर

मनोहर पंजाबी या येल विद्यापीठातल्या संशोधकानं १९९२ साली कण्याच्या स्थिरतेची तीन भागांची मांडणी केली. पहिला भाग हाडं, गाद्या आणि अस्थिबंध. दुसरा स्नायू. तिसरा त्या स्नायूंना हुकूम देणारी आणि त्यांच्याकडून खबर घेणारी मज्जासंस्था. त्याच साली त्यांच्याच गटानं प्रयोगशाळेत दाखवलं की स्नायू काढून टाकलेला, नुसत्या हाडा-अस्थिबंधांचा कमरेचा कणा सुमारे ९० न्यूटन भारालाच कोलमडतो. म्हणजे जेमतेम ९ किलो. आपलं धड, डोकं आणि हात मिळून याच्या कितीतरी पट वजनाचे असतात. तेव्हा कणा उभा ठेवण्याचं बहुतेक काम स्नायूंचं, आणि स्नायूंना वेळेवर हलवण्याचं काम नसांचं. एमआरआयमध्ये मात्र आपण पहिला भाग बघतो आणि सगळा दोष त्याच्या माथी मारतो. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात ५० वर्षांच्या, कंबर अजिबात न दुखणाऱ्या माणसांपैकी सुमारे ८० टक्क्यांच्या गाद्या झिजलेल्या आणि ६० टक्क्यांच्या फुगलेल्या आढळल्या. काकूंना हे सांगितलं तेव्हा त्या थोडा वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, “म्हणजे मी जन्मभर वाकायचं नाही, असं नाही?” नाही, काकू.

कण्याला अगदी लगटून असणाऱ्या मल्टिफिडस नावाच्या खोल स्नायूंना दोन कामं असतात: मणका धरून ठेवणं आणि मणका आत्ता कुठे आहे याची बातमी मेंदूला देणं. कंबर दुखली की ते दुखऱ्या बाजूला, दुखऱ्या पातळीवर लवकर रोडावतात. १९९६ सालच्या ३९ रुग्णांच्या अभ्यासात दुखणं बहुतेकांचं चार आठवड्यांत गेलं, पण ज्यांना नेमका व्यायाम दिला नव्हता त्यांचा हा स्नायू दुखणं गेल्यावरही पूर्ववत झाला नाही. काकूंच्या घरच्यांना मी हाच मुद्दा पुन्हा पुन्हा सांगितला: दुखणं थांबलं म्हणजे स्नायू जागा झाला असं नाही.

कमरेकडून येणारी बातमी अंधुक झाली की मेंदू दुसरीकडे कान लावतो. बेल्जियममधल्या संशोधकांनी पोटऱ्यांवर कंप देऊन पाहिलं, तेव्हा कंबरदुखीचे रुग्ण घोट्याकडच्या खबरीवर जास्त विसंबतात आणि पायाखाली मऊ फोम आला तरी ती सवय सोडत नाहीत, असं दिसलं. काकूंची रुतलेली बोटं इथून आली होती. डोळे उघडे असेपर्यंत नजर भरपाई करत होती. नमनाला डोळे मिटले की तोही आधार जाई.

तिसरा धागा वेळेचा. निरोगी माणूस हात झपकन वर उचलतो तेव्हा खांद्याचा स्नायू चालू होण्याआधीच पोटाचा सर्वात खोल आडवा स्नायू कामाला लागलेला असतो. कंबरदुखीच्या रुग्णांत हा क्रम उशिरा होतो, हे १९९६ साली क्वीन्सलंडमध्ये विद्युत-नोंदींतून दिसलं. तो फरक सेकंदाच्या बारीक अंशाचा. नुसत्या हातानं तो मोजता येतो असं कुणी म्हणत असेल तर विश्वास ठेवू नका. मला काकूंमध्ये दिसलं ते एवढंच की चिपळ्या घेऊन हात वर नेताना त्यांचा श्वास थांबायचा आणि सगळं पोट एकदम दगड व्हायचं.

सगळ्याच रुग्णांचं असं होत नाही. काहींचा कणा सैल पडतो, काही तो आवळून धरतात. आवळणाऱ्याला “पोट आत घ्या, कंबर घट्ट धरा” असं सांगणं म्हणजे त्याचा आजार वाढवणं. आपल्याकडे तालमीपासून टीव्हीवरच्या योगवर्गापर्यंत हाच सल्ला मिळतो. काकू तो दीड वर्ष मनापासून पाळत होत्या. स्थिर कणा म्हणजे न हलणारा कणा, ही समजूतच इथे मुळाशी होती. ती काकूंनी स्वतःच एका वाक्यात मोडून काढली: “नऊवारीसारखं आहे म्हण की. काष्टा सैल तर सुटतो, आणि करकचून बांधला तर पाऊलच टाकता येत नाही.”

उपचार

पट्टा एकदम काढला नाही. आधी घरात तासभर, मग सकाळची वेळ, मग फक्त लांबच्या प्रवासात, असा उतरवत नेला. जागतिक आरोग्य संघटनेच्या डिसेंबर २०२३च्या मार्गदर्शक सूचनांत जुनाट कंबरदुखीसाठी पट्ट्याचा नेहमीचा वापर शिफारशीत नाही, हे सुनेला दाखवलं. तिची धास्ती काकूंपेक्षा मोठी होती आणि ती साहजिकच होती. तिनंच त्यांना नवरात्रात देवळातून घरी आणलं होतं.

पहिलं काम श्वास. उताणं झोपून, गुडघे वाकवून, हात पोटावर ठेवून श्वास खाली जाऊ द्यायचा. मग तोच श्वास उभ्यानं, पायाची बोटं सैल सोडून. ऐकायला सोपं वाटतं, पण काकूंना सगळ्यात जड हेच गेलं. बोटं सोडली की आपण पडू अशी त्यांची खात्री होती. त्यानंतर खुब्यातून वाकणं, आधी ओट्यावरची वाटी, मग स्टुलावरची, शेवटी देवघरातलं निरांजन. विरुद्ध हात-पाय लांब करण्याचा रांगत्या स्थितीतला व्यायाम, एका अंगावर कोपराच्या आधारानं उचलणं आणि रोज सकाळी कमाटी बागेत चालणं, हे ठरावीकच. खोल स्नायूंचे वेगळे व्यायाम जुनाट कंबरदुखीत इतर व्यायामांपेक्षा सरस ठरतात असं अनेक अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०१६च्या आढाव्यात दिसलं नाही. म्हणून त्यांचं अवडंबर मी माजवत नाही. रुग्ण जे रोज करील ते चांगलं.

तोलाचा सराव मात्र वेगळा आणि नेमाचा ठेवला. ओट्याला पाठ, समोर खुर्ची, म्हणजे पडायची सोयच नाही. पाय जुळवून डोळे मिटणं, मग मान वळवत, मग चटईची घडी पायाखाली. फळी दवाखान्यातच, माझ्यासमोर. एके दिवशी ती डगमगली आणि काकूंची कंबर आपोआप मागे जाऊन त्या सावरल्या. मी काही सांगितलं नव्हतं.

मग गाणं आलं. श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधला स्नायूचा पडदा, श्वासही चालवतं आणि धड सावरण्यातही भाग घेतं. श्वासाची गरज वाढली की त्याचं दुसरं काम मागे पडतं, हे प्रयोगांत दिसलं आहे. लांब ओळ एका दमात म्हणायची आणि त्याच क्षणी चिपळ्यांचा हात वर न्यायचा, हे काकूंच्या शरीरासाठी दोन मागण्या एकदम येणं होतं. नवरात्रातलं डगमगणं देवळातच का घडलं आणि घरात भांडी घासताना का नाही, याचं उत्तर मला इथे सापडतं. तेव्हा आम्ही त्यांच्याच अभंगावर काम केलं. आधी बसून म्हणायचा, मग उभ्यानं वजन एका पायावरून दुसऱ्यावर नेत, मग दोन पावलं पुढे-मागे, मग चिपळ्या घेऊन, आणि शेवटी डोळे मिटून. श्वास कुठे घ्यायचा हे त्यांनी वहीत ओळीवर खुणा करून ठरवलं. पूर्वी एका दमात घेत असलेल्या दोन ओळी त्यांनी तोडल्या. कमीपणा वाटला का विचारलं तर म्हणाल्या, “शब्द उलट जास्त कळतात.”

संक्रांतीच्या हळदीकुंकवात जमिनीवर बसणं-उठणं फार झालं आणि कंबर पुन्हा पेटली. दुखणं सहावर गेलं. घरात पुन्हा पट्ट्याची बोलणी सुरू झाली. त्याच आठवड्यात मी सगळ्या चाचण्या परत घेतल्या. फळीवरचा तोल टिकून होता, फोमवरचाही. एका पायावरचे सेकंद थोडे घटले, तेही काकू श्वास धरायच्या तेव्हाच. दुखणं आणि तोल बरोबरीनं चढत-उतरत नाहीत, हे मला या प्रकरणात इतक्या उघडपणे दुसरीकडे कुठे दिसलं नाही. व्यायाम थोडे हलके केले, बंद केले नाहीत. दहा-बारा दिवसांत दुखणं खाली आलं.

सध्याची स्थिती

रामनवमीचं कीर्तन काकूंनी उभ्यानं केलं. जन्माच्या वेळी वाकून पाळण्याची दोरी ओढली, पाळणा म्हटला. मागे स्टूल ठेवलं होतं, त्यावर त्या फक्त बुक्का-हाराच्या वेळी टेकल्या. एका पायावर आता उजवीकडे १९ सेकंद, डावीकडे २६. फोमवर डोळे मिटून अर्धा मिनिट, बोटं सैल. अंघोळीत भिंतीला हात लागत नाही. जिना एकेका पायरीवर एकेक पाऊल टाकत उतरतात, पण कठडा धरूनच, आणि तो धरत राहावा असं मीच सांगितलं आहे.

दुखणं गेलेलं नाही. दोन-तीनच्या आसपास रेंगाळतं, रिक्षात फार वेळ बसलं की वाढतं. उजवीकडचा खोल स्नायू हाताला अजून डावीपेक्षा बारीक लागतो. फळीवर डोळे मिटून उभं राहणं जमलेलं नाही. एवढं सगळं माझ्या उपचारानंच झालं असा दावा एका रुग्णावरून करता येणार नाही. काही भाग काळानं भरून आला असेल, काही पुन्हा चालू लागल्यानं. भीती कमी होण्याचा वाटा मला मोठा वाटतो.

त्यांच्या घरच्या डॉक्टरांना पत्र दिलं आहे: बी-१२ वर्षातून एकदा तपासावं, पाळी गेलेली असल्यानं हाडांच्या घनतेची तपासणी करून घ्यावी, आणि पायात नवा बधिरपणा, पाऊल लुळं पडणं किंवा लघवीचा त्रास दिसला तर वाट न पाहता पाठवावं. पुढची तपासणी आषाढी एकादशीनंतर आहे. त्या दिवशी काकूंची सलग दोन कीर्तनं ठरली आहेत, आणि दुसऱ्याच्या उत्तररंगात पाय आणि श्वास कसे राहतात ते बघायला मी स्वतः जाणार आहे.